पाकीट उघडून ताटात ओता

वाचकांचे प्रश्न, स्त्रीरोगतज्ज्ञाची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. दीड वर्षापूर्वी आम्ही सिंगापूरला आलो. मला सतरावा आठवडा चालू आहे, दुसरी खेप. पहिल्या वेळी आठव्या महिन्यात बीपी वाढलं होतं, म्हणून या वेळी इथल्या डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासूनच रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली आहे. समोरच्या घरातल्या चिनी आंटी फार मायाळू आहेत. आई इथे नाही, त्यामुळे त्याच आईसारखं बघतात. दर बुधवारी आणि रविवारी काळ्या कोंबडीचं सूप डब्यात घालून आणतात. सुपरमार्केटमध्ये मिळणारं 'बा-चन' नावाचं मुळ्यांचं पाकीट त्यात घालतात, म्हणे रक्त वाढतं. चव कडवट-गोड, वास तीव्र. मी आतापर्यंत सहा-सात वेळा प्यायले. परवा मैत्रीण म्हणाली, गरोदरपणात चिनी औषधं घेतल्यानं गर्भ पडतो, तू वेडी आहेस का? रात्रभर झोप नाही. आंटींना नाही कसं म्हणू? आणि जे पोटात गेलं त्याचं काय? इथे जेवणाबरोबर बार्लीचं पाणी पिते, तेही बंद करू का? नवऱ्याच्या ऑफिसातून पाकोळीच्या घरट्याची, म्हणजे बर्ड्स नेस्टची बरणी भेट आली आहे, ती अजून उघडलेली नाही.

उत्तर : आधी झोपेचं बघू. सहा-सात वाट्या सूप पिऊन, रक्तस्राव नाही, पोटात कळा नाहीत, बीपी ठीक आहे, तर झालेल्या गोष्टीसाठी जिवाला घोर लावून घेऊ नका. अवयव घडण्याचा नाजूक काळ साधारण दहाव्या आठवड्यापर्यंतचा, तो तुम्ही ओलांडला आहे. पुढच्या तपासणीला हे सूप डॉक्टरांना सांगा, विसाव्या आठवड्याच्या आसपासची सोनोग्राफी वेळेवर करा. तुमची मैत्रीण काळजीपोटी बोलली, पण 'चिनी औषध' ही एक वस्तू नाही. आपल्या स्वयंपाकघरात दालचिनी असते आणि माळ्यावर उंदराचं औषधही असतं, दोन्हींना एकच नाव देऊन चालत नाही.

आता एक काम करा. आंटींकडून न उघडलेलं एक पाकीट मागून घ्या आणि स्टीलच्या ताटात ओता.

हे मी सिंगापुरात शिकले. तिथल्या एका प्रसूतिगृहात मी अकरा वर्षं काम केलं. सुरुवातीला एका चिनी पेशंटनं सुपाबद्दल विचारलं, तेव्हा मी घाईत म्हणाले, "ते सगळं बंद करा." तिनं मान हलवली. आठव्या महिन्यात ती बीपी वाढून आणि पायांत गोळे येऊन दाखल झाली. रक्तात पोटॅशियम कमी. रात्री तिच्या आईनं संकोचत सांगितलं की घरी आठवड्याला दोन पातेली काढा होतो, शिवाय खोकल्याचं चाटण आणि मळमळीसाठी सुकवलेले खारट आलुबुखार दिवसभर तोंडात. तिन्हींत ज्येष्ठमध होतं. ती मला हे सांगणारच होती, मीच तिचं तोंड बंद केलं होतं. त्या रात्री आमच्या फार्मासिस्टनं पाकीट ट्रेमध्ये ओतलं आणि चिमट्यानं एकेक मूळ वेगळं केलं. त्यानंतर मी कुठल्याही पेशंटला 'चिनी औषध घेता का' असं विचारलं नाही. 'घरी काय काय शिजतं, काय काय पिता' असं विचारलं, आणि उत्तरं यायला लागली.

तर तुमच्या ताटात आठ ढीग होतील. बा-चन म्हणजेच आठ मौल्यवान गोष्टी. लांब, सुरकुतलेल्या, बोटाएवढ्या मुळ्या म्हणजे दांग-शन. खडूसारखे पांढरे तुकडे म्हणजे फू-लिंग, ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी आहे. काळं, चकाकणारं, बोटाला चिकटणारं ते शू-दी. गुळगुळीत पांढऱ्या चकत्या बाय-शाओच्या, खडबडीत मळकट तुकडे बाय-चूचे. फुलपाखरासारख्या कापांना च्वान-श्योंग म्हणतात. पिवळट तिरप्या चकत्या उचलून जिभेला लावा, गोड लागतील. ते गान-त्साओ, आपलं ज्येष्ठमध. आणि कडेला तपकिरी, आत फिकट, अशा ज्या चपट्या कापांचा वास साऱ्या खोलीत पसरेल ते दांग-ग्वे. सुपाला येणारा तो तीव्र वास याचाच. सेलरी आणि ओवा ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे मूळ.

आठांतल्या दोघांशी तुमचं, म्हणजे खास तुमचं, जमणार नाही.

पहिलं दांग-ग्वे. चिनी बायका हे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, पण मुख्यतः दर महिन्याची पाळी संपल्यावर आणि बाळंतपणानंतर. रक्त 'हलतं ठेवणारं' अशी त्याची ख्याती आहे. प्रयोगशाळेत त्याचे घटक गर्भाशयाच्या स्नायूला कधी आकुंचित करतात तर कधी सैल करतात, असं दिसलं आहे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्या एका बाईनं दांग-ग्वे सुरू केल्यावर रक्त गोठायचा वेळ दुपटीहून जास्त वाढल्याची नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तुम्ही रोज ॲस्पिरिन घेता. तेही रक्तातल्या चिकटपेशींना, म्हणजे प्लेटलेट्सना आवरतं. दोन्ही एकाच दिशेला ओढणारी माणसं एका दोरीला नकोत. ॲस्पिरिन तुमच्यासाठी आवश्यक आहे, ते पहिल्या खेपेसारखं बीपी पुन्हा वाढू नये म्हणून दिलं आहे. म्हणून जायचं ते दांग-ग्वेनं. सूप प्यायले म्हणून घाबरून ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका, मला त्याचीच जास्त भीती वाटते.

दुसरं ज्येष्ठमध. यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात पाणी आणि मीठ साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. शिवाय वारेत एक राखणदार असतो, आईच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, बाळापर्यंत पूर्ण जोरानं पोहोचू न देणारा एन्झाइम. ग्लिसिरायझिन त्या राखणदाराचेच हात बांधतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या-चॉकलेटं लोक आवडीनं खातात. हेलसिंकीत १९९८ मध्ये जन्मलेल्या मुलांचा तिथे पुढे माग ठेवला गेला. गरोदरपणी ज्यांच्या आया आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लिसिरायझिन खात होत्या, ती मुलं बुद्धीच्या चाचण्यांत इतरांच्या मागे पडलेली दिसली. तिथे गरोदर बायकांना आता ज्येष्ठमध टाळायला सांगतात.

पण हिशोबही करून बघा, उगाच धास्ती नको. चिनी औषधकोशाप्रमाणे ज्येष्ठमधाच्या मुळात ग्लिसिरायझिन किमान २ टक्के असावं लागतं. पाकिटात समजा ५ ग्रॅम मूळ आहे, म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम. पातेल्यातून चार वाट्या निघाल्या तर वाटीला २५. आठवड्याला दोन वाट्या म्हणजे ५०. फिनलंडच्या त्या आकड्याचा दहावा हिस्सा. म्हणूनच मी आधी म्हटलं की झालं त्याची काळजी नको. पण ज्येष्ठमध एकटं येत नाही. ते चिनी काढ्यांच्या बहुतेक पाकिटांत असतं, खोकल्याच्या चाटणांत असतं, खारट आलुबुखारांत असतं, रस्त्याकडेला मिळणाऱ्या थंडाव्याच्या काढ्यांतही असतं. माझ्या त्या पेशंटचं असंच थेंबे थेंबे तळं साचलं. एकदा बीपी वाढलेल्या बाईनं त्या वाटेला जाऊच नये.

उरलेल्या सहांचं काय? चीनच्या सरकारनं २०२३ मध्ये दांग-शनसह नऊ पदार्थ 'अन्नही आणि औषधही' या यादीत घेतले, आणि त्याच वेळी लिहिलं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी व लहान मुलांनी ते खावेत अशी शिफारस नाही. जिनसेंगबद्दलही तेच. २०१२ मध्ये लागवडीच्या जिनसेंगला अन्न म्हणून परवानगी देताना दिवसाला ३ ग्रॅमची मर्यादा घातली आणि गरोदर बायकांना वगळलं. ज्यांची ही परंपरा आहे, त्यांच्याच देशाचा हा सल्ला आहे. जुन्या चिनी वैद्यकात तर गरोदर बाईला काय देऊ नये याचं पद्यच आहे, वैद्यकीचे विद्यार्थी ते पाठ करतात. दांग-ग्वेचं नाव त्या पद्यात नाही. उलट सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चांग चोंगचिंग या वैद्यानं गरोदर बाईच्या पोटदुखीवर दांग-ग्वे आणि बाय-शाओ असलेलं चूर्ण सांगितलं आहे. पण त्यानं ते नाडी बघून, बाई बघून, दिवस मोजून दिलेलं असणार. सुपरमार्केटच्या फडताळावरच्या पाकिटाला तुम्ही कितव्या आठवड्यात आहात हे माहीत नाही, आणि तुम्ही रात्री ॲस्पिरिन घेता हेही माहीत नाही.

सिंगापुरात एक गोष्ट लक्षात ठेवा. गोळ्या, कॅप्सूल, बाटलीबंद तयार चिनी औषधांवर हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची नजर असते. त्यांत शिसं, पारा, आर्सेनिक किती चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. सुट्या मुळ्या-सालींना मात्र तसा परवाना लागत नाही. चिनी वैद्यांना तिथे २००० सालच्या कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे. कधी वैद्याकडे जायचंच झालं तर नोंदणी असलेल्याकडेच जा आणि ॲस्पिरिनची पट्टी बरोबर न्या.

आंटींचं सूप बंद करायची गरज नाही. त्यांना सांगा, "आंटी, डॉक्टर म्हणाले दांग-ग्वे नको, पाकीट नको. तुमच्या हातचं साधं सूप द्या." बघा, त्या स्वतःच कपाळाला हात लावतील. सिंगापुरातल्या कितीतरी चिनी बायकांना पोटुशी असताना दांग-ग्वे टाळतात हे ठाऊक असतं. पाकीट हाताशी आलं आणि मायेच्या भरात पातेल्यात पडलं, एवढंच. त्याच कोंबडीत काय चालेल? वाळवलेली लाल बोरं पाच-सहा, चमचाभर गोजी बेरी, हुआय-शान नावाचा पांढरा कंद, कमळाच्या बिया, आणि च्येन-शी. हे च्येन-शी म्हणजे आपले मखाणे, फक्त न फुलवलेले. हे सारं अन्न म्हणून, अन्नाच्या प्रमाणात. लाल बोरांनी रक्त वाढतं हे मात्र मनातून काढून टाका, त्यांत लोह फार थोडं असतं आणि साखर भरपूर. लोहाची गोळी चालू ठेवा. भारतीय बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त असतो, तेव्हा २४ ते २८ आठवड्यांत साखरेची चाचणी होईपर्यंत आणि नंतरही खडीसाखर घातलेला बोरांचा चहा जपूनच. सूप गरम गरम प्या. सिंगापूरच्या हवेत गॅसवर तसंच राहिलेलं पातेलं संध्याकाळपर्यंत बिघडतं.

बार्लीचं उत्तर दाण्यात आहे. चिनी लोक गरोदर बाईला जे टाळायला सांगतात ते यी-मी, म्हणजे 'जॉब्ज टिअर्स' नावाचं निराळं धान्य. चीनच्या औषधकोशातही त्याच्यापुढे 'गरोदर स्त्रियांनी जपून' असं लिहिलं आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगात त्याच्या अर्कानं गर्भाला इजा झाली व गर्भाशय आकुंचन पावलं. खरी बार्ली म्हणजे जव, तिच्यावर हा आरोप नाही. गोंधळ नावामुळे होतो, कारण बार्लीलाही तिथे 'परदेशी यी-मी' म्हणतात. पेल्याच्या तळाशी उरलेला दाणा बोटावर घेऊन पाहा. छोटा, मध्ये बारीक रेघ असलेला असेल तर जव. टपोरा, जवळजवळ वाटाण्याएवढा आणि मध्ये रुंद तपकिरी खोबण असेल तर यी-मी, तो ठेवून द्या. चुकून एखादा पेला गेला तर त्यानं काही होणार नाही.

बर्ड्स नेस्ट म्हणजे पाकोळीच्या जातीच्या पक्ष्याची वाळलेली लाळ. भेट महागाची आहे, पण बरणीतलं बहुतेक साखरपाणी असतं. २०११ मध्ये चीनच्या चच्यांग प्रांतात लाल घरट्यांमध्ये नायट्राइट बेसुमार सापडलं आणि मोठी खळबळ उडाली. सिंगापुरात मुलांमध्ये अन्नामुळे येणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीची जी कारणं १९९०च्या दशकात नोंदली गेली, त्यांत हे घरटं अग्रभागी होतं. जे आजवर कधी खाल्लं नाही ते सतराव्या आठवड्यात पहिल्यांदा चाखून बघायला जाऊ नका. बरणी आंटींना द्या, त्यांचं सूप फेडल्यासारखंही होईल.

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे चीनमध्ये सूचौला राहते. नववा आठवडा. तपकिरी डाग दिसला म्हणून दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीत ठोके दिसले. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन दिलं आणि सोबत गर्भ टिकवायचा चिनी काढा. तैवानची एक सहकारी म्हणते आन-थाय-यिन नावाचा काढा घे, तिच्या आईनं घेतला होता. काय करू?

उत्तर : ठोके दिसले, ही सगळ्यांत मोठी गोष्ट. रक्तगट तपासून घेतला आहे ना? निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आजच विचारा. डाग लाल झाला, पोटात एका बाजूला दुखलं, चक्कर आली, तर थांबायचं नाही.

काढ्याबद्दल माझं मत, आणि ते ठाम आहे. पहिल्या दहा आठवड्यांत कुठलाच काढा नको. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असल्यानं होतात. तिथे काढा कामाला येत नाही, प्रोजेस्टेरॉनही येत नाही. प्रोजेस्टेरॉनचा उपयोग आधी गर्भपात झालेल्या आणि आता रक्तस्राव होणाऱ्या बायकांना होतो असं दिसलं आहे, तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं असेल तर घ्या. चिनी काढ्यांच्या ४४ चाचण्या आणि त्यांतल्या ५,१०० बायका, या सगळ्यांचा एकत्र आढावा २०१२ मध्ये घेतला गेला. गोळ्यांच्या जोडीला काढा दिला तर फायदा होत असावा असं त्यात दिसलं, पण चाचण्या इतक्या कच्च्या होत्या की त्यांच्या जोरावर मी कुणाला काढा प्यायला सांगणार नाही.

आन-थाय-यिन तर नाहीच. तैवानमध्ये १४,००० हून अधिक बाळांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये एक अभ्यास छापून आला. पहिल्या तीन महिन्यांत आन-थाय-यिन घेतलेल्या आयांच्या बाळांत स्नायू-हाडांचे आणि डोळ्यांचे जन्मजात दोष जास्त आढळले, आणि हुआंग-ल्येन नावाचं पिवळं, कडू मूळ घेतलेल्यांच्या बाळांत मज्जासंस्थेचे. अशा अभ्यासातून 'यामुळेच झालं' असं सिद्ध होत नाही. ज्यांना आधीच रक्तस्राव होत होता अशाच बायकांनी काढा घेतलेला असू शकतो. तरीही, ज्याचा फायदा पक्का नाही आणि ज्यावर असा संशय आहे, ते नवव्या आठवड्यात कशासाठी?

आणि नावांपासून सावध राहा. गर्भ टिकवायला जुने चिनी वैद्य हुआंग-चिन देतात. हुआंग-ल्येन निराळं, हुआंग-बाय तिसरंच. आपल्या कानाला तिन्ही सारखी लागतात, कारण हुआंग म्हणजे पिवळं, आणि पिवळ्या मुळ्या-साली पुष्कळ. नावाच्या घोटाळ्यानं काय होतं याचं उदाहरण बेल्जियममधलं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांग-ची नावाचं एक मूळ घातलं जायचं. त्याच नावाचं दुसरं, ॲरिस्टोलोकियाचं मूळ त्याच्या जागी आलं. शंभराच्या वर बायकांच्या मूत्रपिंडांची हानी झाली, काहींची कायमची गेली, पुढे कर्करोगही झाले. गरोदरपणाशी त्याचा संबंध नव्हता, पण धडा तोच. कुणी काही दिलं तर चिनी अक्षरांत लिहून मागा, त्याचा फोटो काढा, तो प्रसूतीच्या डॉक्टरांना दाखवा. कानानं ऐकलेल्या नावावर विसंबू नका.

प्रश्न : माझा नवरा सिंगापूरचा चिनी आहे. पुढच्या महिन्यात माझी तारीख. सासूबाईंनी बाळंतिणीच्या महिन्याची तयारी सुरू केली आहे. शंग-हुआ थांग नावाचा काढा, तिळाच्या तेलातली कोंबडी, त्यात तांदळाची दारू. त्यांच्या आईनं त्यांना जन्मल्याजन्मल्या हुआंग-ल्येनचं पाणी चाटवलं होतं, पोटातली उष्णता जावी म्हणून. माझ्या बाळालाही चाटवायचं म्हणतात. मी भांडण नको म्हणून गप्प आहे.

उत्तर : दोन गोष्टींत तडजोड करा, तिसरीत अजिबात नाही.

शंग-हुआ थांगमध्ये दांग-ग्वे, च्वान-श्योंग, पीचच्या बिया, भाजलेली सुंठ आणि ज्येष्ठमध असतं. गर्भाशय साफ व्हावं म्हणून तो देतात. दवाखान्यातून घरी जाताना गर्भाशय आकुंचित करणाऱ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या संपेपर्यंत काढा नको. रक्तस्राव जास्त असेल, सिझेरियन झालं असेल किंवा बीपी वाढलेलं असेल तर नकोच. तसं काही नसेल तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घेता येईल.

दारूबद्दल सासूबाई म्हणतील, शिजल्यावर उडून जाते. पूर्ण जात नाही. तासभर शिजवल्यावरही सुमारे पाव हिस्सा उरतो. काही घरांत पाण्याऐवजी सगळं पातेलं तांदळाच्या दारूनंच भरतात, मग तो पाव हिस्साही बराच होतो आणि दुधात उतरतो. आलं, तिळाचं तेल, कोंबडी राहू द्या. ते चविष्ट आहे, पौष्टिक आहे, आणि महिनाभर कुणी इतक्या निगुतीनं रांधून घालतंय हे भाग्याचं आहे. दारूच्या जागी पाणी किंवा बोरांचं पाणी घाला.

हुआंग-ल्येन बाळाच्या तोंडाला लावू देऊ नका. इथे गप्प बसू नका, नवऱ्याला पुढे करा. त्यातलं बर्बेरिन रक्तातल्या प्रथिनावर बसलेल्या कावीळद्रव्याला, बिलिरुबिनला, ढकलून मोकळं करतं. नवजात बाळात मोकळं बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर जे नुकसान होतं ते भरून येत नाही, ऐकू येणं जातं, हातपाय ताठर होतात. ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांना धोका सगळ्यांत जास्त, आणि ही कमतरता चिन्यांत आहे, भारतीयांतही आहे. तुमचं बाळ दोन्हीकडचं. सिंगापुरात या कारणासाठी १९७८ मध्ये बर्बेरिनवर बंदी आली होती. २०१३ पासून ती टप्प्याटप्प्यानं उठली, कारण १९६५ पासून तिथे प्रत्येक बाळाच्या नाळेच्या रक्तात ही कमतरता तपासतात आणि काविळीचे उपचार सुधारले. बंदी उठली म्हणजे नवजात बाळाला चाटवायला मुभा मिळाली असं नाही. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्यांसाठीचा इशारा त्या औषधांच्या वेष्टनावर छापलेला असतो.

सासूबाईंशी बोलताना त्यांच्या आईला नावं ठेवू नका. त्या काळात नाळेचं रक्त तपासायची सोय नव्हती, निळ्या दिव्याखाली बाळ ठेवायची सोयही नव्हती. त्यांना म्हणा, "पोटातली उष्णता आपण डॉक्टरांकडून मोजून घेऊ." आणि खरंच मोजून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाच्या छातीवर बोट दाबून उचला, कातडी पिवळी दिसली तर त्याच दिवशी बिलिरुबिन तपासायला न्या. कोवळं ऊन आणि ग्लुकोजचं पाणी यांवर वेळ घालवू नका. दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजा. कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांचा वासही बाधतो, तेव्हा पेटीतून काढलेले जुने लंगोट आणि दुपटी आधी धुऊन, उन्हात वाळवून घ्या. जी-सिक्स-पीडीचा निकाल दवाखाना सोडण्याआधी मागा, तो बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत लिहिलेला असतो. ते पान सासूबाईंना स्वतःच्या डोळ्यांनी वाचू द्या.